परचक्रांतील कुणबी : रोहिडखोऱ्याच्या अनुषंगानें

राजवाड्यांचा पहिला खंड १८९८ सालीं निघाल्यापासून मराठ्यांच्या युद्धांचीं साधनें इतकीं प्रसिद्ध झालीं आहेत कीं, कोणता किल्ला कोणत्या महिन्यांत गेला व कोणत्या महिन्यांत परत आला हें आतां शाळेंतील मूलही सांगूं शकेल. परंतु तो किल्ला वेढला गेला असतां पायथ्याच्या गांवांतील कुणबी काय करीत होता, त्याचें भात कोणीं कापलें, बैल कोणत्या रानांत लपविले होते, आणि पुढच्या मृगास त्यानें पेरलें कीं नाहीं, हा प्रश्न आमच्या इतिहासग्रंथांत क्वचितच विचारला जातो. बखरकारास लढाई हवी, शकावलीकारास तिथि हवी, फारसी तवारिखकारास बादशहाचा विजय हवा; कुणबी ह्यांपैकीं कोणासच नको. हें झालें साधनांचें. पण जे कागद कुणब्याविषयीं स्पष्ट बोलतात तेही आपण दुसऱ्याच हेतूनें वाचतों. मायना, शिक्का, मोर्तब व सुहूर सनाचा मेळ ह्यांत आपलें सारें लक्ष गुंततें, आणि मजकूर तसाच राहून जातो. ह्या टिपणांत त्या मजकुराकडे वाचकांचें लक्ष वेधण्याचा आमचा विचार आहे.

प्रारंभीं एक जुना शास्त्रीय वाद स्मरणांत आणणें उपयुक्त होईल. कौटिलीय अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणांत, राज्याच्या कोणत्या अंगावरील संकट अधिक भारी, ह्याचा ऊहापोह आहे. पाराशरांचें मत असें कीं, जनपद आणि दुर्ग ह्या दोहोंत दुर्गावरील संकट अधिक भारी. कारण आपत्काळीं जनपदासही आश्रय दुर्गाचाच. कौटिल्यास हें मान्य नाहीं. दुर्ग, कोश, सैन्य ह्या सर्वांचें मूळ जनपद, असें तो म्हणतो. आणि पुढें आमच्या विषयास अगदीं लागू पडणारी एक गोष्ट सांगतो, ती ही कीं, डोंगरावरचे व बेटांतले दुर्ग जनपदाच्या अभावीं वसत नाहींत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत दुर्ग हें राज्याचें सार म्हटलें आहे, त्यावरून अमात्य पाराशरांच्या पक्षाचे, असें वरवर पाहणारास वाटेल. परंतु अमात्यांनीं दिलेलें कारण पाहावें : गडकोट नसले तर परचक्र येतांच रयत निराश्रय होऊन भंगते व देश ओस पडतो. म्हणजे गड हवा तो रयतेकरितां. पंचवीस वर्षांचें मोंगली युद्ध स्वतः अनुभवलेल्या मुत्सद्द्याचें हें मत आहे, हें ध्यानांत ठेवून आतां मूळ कागदांकडे वळूं.

भोरच्या आसपासचा नीरेकांठचा मुलूख तो रोहिडखोरें. त्याच्या माथ्यावर रोहिडा, ज्यास विचित्रगड असेंही नांव आहे. देशमुखी कारीच्या जेध्यांची. ह्याच घराण्यांतील शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्धीस आणली, हें वाचक जाणतातच. इ. स. १६६२ च्या पावसाळ्यानंतर ह्या मुलखावर मोठें संकट होतें. शाहिस्तेखान १६६० च्या मे महिन्यापासून पुण्यांत तळ देऊन होता, चाकण त्याच वर्षीं त्याच्या हातीं गेलें होतें, आणि त्याच्या फौजा मावळांत धावणी करीत होत्या. अशा वेळीं २३ ऑक्टोबर १६६२ (शके १५८४) रोजीं शिवाजी महाराजांनीं कान्होजींचे पुत्र सर्जेराव जेधे ह्यांस एक पत्र लिहिलें. तें अनेकदां छापलें गेलें आहे व व्याख्यानांतून त्याचा उल्लेखही वारंवार होतो. तथापि त्यांतील कलमें सावकाश वाचलीं जातात असें आम्हांस वाटत नाहीं.

जासुदांनीं मोंगल तुमच्या तप्यांत येत असल्याची बातमी आणली आहे, असें सांगून महाराज देशमुखास आज्ञा करतात कीं, त्यानें रात्रीचा दिवस करून गांवोगांव हिंडावें, आणि बायकामुलांसह सारी रयत घाटाखालीं बांक्या जागीं पोंचवावी. ह्या कामीं क्षणाचाही उशीर होऊं नये. हयगय झाली व मोंगलांनीं माणसें बंद धरून नेलीं, तर त्याचें पाप देशमुखाच्या माथीं. देशमुखानें स्वतः आपल्या जागीं हुशार असावें, हेंही सांगितलें आहे. आतां मधलें एक कलम पाहावें. शेतपोत जतन करण्यासाठीं जे लोक गांवांत मागें राहतील, त्यांनीं गांवांत न राहतां डोंगरावर अवघड आडोशाची जागा पाहून राहावें. आणि गनीम दुरून नजरेस पडतांच त्याच्या धावणीची वाट चुकवून पळून जावें.

हें कलम आम्हांस साऱ्या पत्राचें मर्म वाटतें. ऑक्टोबरची अखेर म्हणजे मावळांत भात पिवळें झालेलें. हळवें भात कापणीस आलेलें, गरवें अजून उभें. उताराच्या वरकस जमिनींत नाचणी व वरी. पावसाळा सरून ओढे उतरले, चिखल वाळला, कीं घोडदळ चालूं लागतें, आणि नेमक्या त्याच पंधरवड्यांत कुणब्याचें वर्षाचें अन्न शेतांत उभें असतें. दसरा हा सरदाराच्या पंचांगांत सीमोल्लंघनाचा दिवस, तर कुणब्याच्या पंचांगांत तो पीक हातीं येण्याचा. ही गांठ कोणत्याही मोहिमेंत चुकत नाहीं. म्हणून घाटाखालीं जा म्हणणें सोपें, पण उभें पीक टाकून कुणबी हलणार नाहीं हें आज्ञा देणाऱ्यास पुरें ठाऊक होतें. त्यानें पीक टाकून या असें म्हटलें नाहीं. घर दोन ठिकाणीं विभागलें : बायकामुलें, म्हातारीं माणसें घाटाखालीं, आणि एकदोघे धडधाकट पुरुष डोंगराच्या कपारींत, शेतावर नजर ठेवून. मागें राहिलेल्यांनीं लढावें अशी अपेक्षा मुळींच नाहीं. त्यांनीं पळावें असें राजाच स्वहस्तें लिहवून देतो. पराक्रमाच्या वर्णनांनीं भरलेल्या आमच्या पुस्तकांत ह्या पळण्यास जागा मिळालेली नाहीं; पण तें शहाणपणाचें पळणें होतें, कारण पळालेला कुणबी चार दिवसांनीं परत येऊन भात कापतो, बंदींत गेलेला कापीत नाहीं.

‘बंद’ ह्या शब्दाविषयीं एक सूचना. ह्या काळच्या पत्रांत तो कैदेच्या, विशेषतः धरून नेऊन गुलामीस लावण्याच्या अर्थानें येतो. आजच्या वाचकास तो दरवाजा लावण्यापुरता ओळखीचा आहे, आणि त्यामुळें वाक्याची धार बोथट होते.

तीन वर्षांनीं ह्याच खोऱ्यावर जें आलें तें वेगळ्या ऋतूंत आलें. १६६५ च्या मार्चअखेर मिर्झा राजा जयसिंगानें पुरंदरास वेढा घातला, आणि किल्ला झुंजत असतां आसपासचा मुलूख उजाड करण्यासाठीं दाऊदखान कुरेशीस वेगळी फौज देऊन पाठविलें. जयसिंगाचीं पत्रें त्याचा मुनशी उदयराज ह्यानें ‘हफ्त अंजुमन’ ह्या संग्रहांत जुळविलीं. जदुनाथ सरकारांनीं त्यांचा उपयोग केल्यापासून तीं अभ्यासकांस परिचित आहेत. त्यांवरून दिसतें कीं, २७ एप्रिलच्या सुमारास ही फौज रोहिड्यापाशीं आली व तिनें सुमारें पन्नास गांवें जाळून उध्वस्त केलीं. डोंगराच्या आड लपलेलीं चार भरवस्तीचीं गांवें होतीं, जेथें त्यापूर्वी शत्रूचा पाय लागला नव्हता. तेथें प्रतिकार झाला, मागून कुमक आल्यावर तो मोडला. गांवें जमीनदोस्त झालीं, आणि पुष्कळ कुणबी, गुरेंढोरें व चीजवस्त धरून नेली.

हा मजकूर विजयवार्ता म्हणून दिल्लीस लिहिलेला आहे, तेव्हां त्यांत थोडी फुगवट असणें शक्य आहे. तथापि काळ पाहावा. वैशाखाचा महिना. मावळांत ह्या दिवसांत राब भाजण्याचें काम चालूं असतें. फांद्या, पाला व शेण पसरून भाताच्या रोपांची जागा जाळतात. घरांत धान्य थोडेंच उरलेलें, आणि जें उरलें त्यांत बियाणें. पाऊस महिन्या-दीडमहिन्यावर. अशा वेळीं घर जळालें म्हणजे बियाणें जळालें, आणि बैल नेले म्हणजे चिखलणी राहिली. ऑक्टोबरांतली धावणी एका वर्षाचें पीक नेते. वैशाखांतली धावणी पुढच्या वर्षाचेंही नेते. जयसिंगास हें ठाऊक नसेल असें आम्हांस वाटत नाहीं. अंबेरचा तो राजा स्वतः जमिनीचा धनी होता. पुरंदरावर मराठे सरदारांचे कबिले अडकले होते ही गोष्ट १३ जूनच्या तहाच्या कारणांत नेहमीं सांगितली जाते, व ती योग्यच आहे. पण मृग तोंडावर आलेला असतां पन्नास गांवें राखेंत होतीं, ही गोष्टही त्या कारणांत गणली पाहिजे. तेवीस किल्ले देऊन बारा राखले, ह्या हिशेबांत शेतीचें साल वांचविल्याची एक बाजू असावी असें आमचें अनुमान आहे.

घाटाखालीं गेलेल्या माणसांस तेथें काय मिळालें, हा प्रश्न येथें साहजिकच उद्भवतो. आश्रय म्हणून ज्याकडे बोट दाखविलें तें कोंकण स्वतः सुखांत होतें काय? रोहिडखोऱ्याची रयत जेथें उतरली असेल त्या भागाच्या बऱ्याच दक्षिणेकडील, परंतु घाटाखालच्याच मुलखाविषयींचीं दोन पत्रें ह्यावर प्रकाश पाडतात.

पहिलें चिपळूण भागांतील छावणीच्या लष्करास, राज्याभिषेकापूर्वीच्या एक-दोन वर्षांतील. पावसाळ्याची बेगमी म्हणून सांठविलेलें धान्य व वैरण आतांच उधळली तर पावसांत घोडीं मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरीं जाल. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी जळण, कोणी भाजीपाला. आणि जे कुणबी कसेबसे जीव धरून राहिले आहेत तेही निघून जातील, कित्येक उपाशी मरतील. त्यांस वाटेल कीं मोंगलांहूनही तुम्ही अधिक. आपल्याच सैन्यास शत्रूच्या पंक्तीस बसविणारें असें पत्र दुसऱ्या कोणत्या राजानें लिहिलें असल्यास आमच्या पाहण्यांत नाहीं. दिव्याची वात उंदीर नेईल व गवताच्या गंजीस आग लागेल, इतकी बारीक काळजी त्याच पत्रांत आहे. लोक ती कौतुकानें सांगतात. पण गवत ही त्या दिवसांत सैन्याची दारूगोळ्याइतकीच महत्त्वाची सामग्री होती, आणि गवत जळालें कीं त्याची भरपाई कुणब्याच्या परसांतून होणार, हा त्यांतील खरा धागा आहे.

दुसरें ५ सप्टेंबर १६७६ (शके १५९८) चें, मामले प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत ह्यास. भाजीच्या देठासही मन लावूं नये, ही जी आज्ञा शिपायांस दिलेली म्हणून सर्वत्र सांगण्यांत येते, ती वस्तुतः ह्या पत्रांतील असून वसुली अंमलदारास उद्देशून आहे. हा फरक लहान नव्हे. शिपाई एकदां येऊन जातो, सुभेदार बारा महिने तेथेंच असतो. पत्रांत पुढें सांगितलें आहे कीं, गांवोगांव जाऊन कुणबी गोळा करावे. कोणाजवळ माणूसबळ आहे पण बैल नाहीं, कोणास पोटास नाहीं, हें पाहावें. ज्यास बैल नाहींत त्यास बैलांसाठीं रोख पैका, ज्यास पोटास नाहीं त्यास खंडी-दोन खंडी दाणा द्यावा. आणि हें सर्व पुढें वाढीदिढीवांचून केवळ मुद्दल, त्याला शक्ति येईल तसतसें हळूहळू वसूल करावें. ह्या कामीं दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी चालेल. वसूलही रोकड न मागतां ऐन जिनसीच घ्यावा, कारण पैशासाठीं कुणब्यास पीक पडत्या भावानें विकावें लागतें. लारी म्हणजे चांदीची दुमडलेली तार. इराणी आखातांतून पश्चिम किनाऱ्यावर आलेलें हें नाणें.

ह्या पत्रांत ‘कीर्द’ शब्द येतो. जुन्या लेखनांत त्याचा अर्थ जमिनीची लागवड. पुढें जमाखर्चाच्या रोजकीर्दीमुळें तो शब्द दप्तरी झाला, आणि नवशिके वाचक येथेंही वहीच समजतात. मग कुणब्याकडून वही लिहवून घेण्याची आज्ञा कशासाठीं, असा त्यांस प्रश्न पडतो!

संभाजी महाराजांचा वध ११ मार्च १६८९ रोजीं झाला. त्याच वर्षीं रायगड गेला, राजाराम महाराज जिंजीस गेले, आणि इकडे रामचंद्रपंत व शंकराजी नारायण ह्यांनीं राज्य सांवरलें. येथून १७०७ पर्यंतच्या काळाची लष्करी हकीकत आम्ही सांगत नाहीं. कुणब्याच्या दृष्टीनें ह्या काळाचें वैशिष्ट्य हें कीं, पूर्वीच्या धावण्या येऊन जात, आतां धावणी हीच वहिवाट झाली. मोंगली ठाणें दिवसा वसूल मागे, मराठी पथक रात्रीं घासदाणा मागे. एका गांवानें एकाच सालांत दोन सरकारांस देणें ही ह्या काळांत नवलाची गोष्ट राहिली नाहीं. वतनदार दोन्हीकडून कागद करून घेत, म्हणून त्यांस स्वार्थी ठरविण्याची प्रथा आहे. ती आम्हांस अर्धवट वाटते. पाटलानें एका बाजूस पूर्ण वाहून घेतलें असतें, तर दुसऱ्या बाजूनें पांढरी जाळली असती. त्याचा स्वार्थ व गांवाचा जीव ह्या दोन गोष्टी त्या वेळीं एकाच गांठींत बांधलेल्या होत्या.

भीमसेन सक्सेना हा बऱ्हाणपुरचा कायस्थ, दलपतराव बुंदेल्याच्या पदरीं राहून ह्या मोहिमांत स्वतः हिंडलेला. त्याच्या फारसी ग्रंथांत, अंमलदारांच्या जुलमानें रयतेनें शेती सोडली व ती मराठ्यांस मिळूं लागली, असें तो मोंगली नोकर असूनही लिहितो. व्हेनिसचा मनूची १७०२ ते १७०४ च्या दुष्काळांत व रोगराईंत वीस लाखांवर माणसें मेलीं असें लिहितो. मनूची तेव्हां मद्रासेकडे होता, त्यामुळें आंकडा ऐकीव समजून घ्यावा. परंतु झाडें व पिकें नाहींशीं होऊन त्यांच्या जागीं माणसांचीं व जनावरांचीं हाडें उरलीं होतीं, हें जें तो सांगतो, तें भीमसेनाच्या लिहिण्याशीं विसंगत नाहीं.

अगदीं ह्याच वर्षांत औरंगजेब मावळांत होता. १७०३ च्या एप्रिलांत सिंहगड, तो पावसाळा पुण्यांत, १७०४ च्या फेब्रुवारींत राजगड, मार्चांत तोरणा. तोरण्यावर सुलतानढवा करून तो घेतला ह्याचें तवारिखकारांस मोठें कौतुक. पण घेतलेल्या किल्ल्यावर दाणा कोठून चढवावयाचा? पायथ्याचीं गांवें ओस, बैल नाहींत, वैरण नाहीं. बादशाही ठाण्यांचें धान्य दुरून बंजाऱ्यांच्या तांड्यांवर येणार, आणि तांडे वाटेंत लुटले जाणार. औरंगजेब फिरतांच थोड्याच वर्षांत हे किल्ले मराठ्यांकडे परत आले. शंकराजी नारायणाच्या माणसांचें शौर्य त्यांत होतेंच. परंतु जनपदाच्या अभावीं डोंगरी दुर्ग वसत नाहींत हें कौटिल्याचें वचन येथें जितकें स्पष्ट दिसतें तितकें आम्हांस दुसरीकडे दिसलें नाहीं.

आतां गांवच्या कागदांविषयीं. अठराव्या शतकांतील वतनाचे महजर वाचतांना एक वाक्यरचना पुनःपुन्हा भेटते : मोंगलांची धामधूम झाली असतां आमचा आजा परागंदा झाला, मुलूख उजाड झाला असतां अमक्यानें शेत वाहिलें, घर जळालें असतां कागद गेले. संस्कृत शिकविणारांस ही रचना पाहून सति सप्तमी आठवल्यावांचून राहत नाहीं. आम्हीं अनेक वर्षें मुलांस सांगत आलों कीं, सति सप्तमींत येणारी क्रिया गौण, मुख्य क्रिया पुढची. महजर लिहिणारांसही तेंच वाटे. त्यांस मिरास सिद्ध करावयाची होती. परंतु इतिहासकारानें येथें व्याकरण उलटें करून वाचावयास हवें. जी क्रिया गौण म्हणून एका पदांत उरकली, तींतच एका घराची तीसचाळीस वर्षें आहेत. आजा कोणत्या सालीं गेला, कोठें गेला, बरोबर कोण होतें, मागें कोण राहिलें, बापाच्या पिढींत कोण परतलें, हें सर्व साक्षीदारांच्या जबान्यांत तुटकपणें आलेलें असतें. दहा गांवांचे असे महजर एकत्र ठेवले तर एका खोऱ्याच्या पळापळीचा नकाशा तयार होऊं शकेल.

परतण्याचा कागद म्हणजे कौल. परागंदा कुणब्यास अभय देऊन, पहिल्या सालीं अगदीं थोडा सारा, पुढें दरसाल चढता, व ठरलेल्या मुदतीनें पूर्ण, असा जो इस्ताव्याचा करार, तो ह्या कौलांत असतो. सुतार-लोहारांस परत आणण्याचीही खटपट दिसते. नांगराचा फाळ भरून देणारा नसेल तर बैल व बियाणें असून काय उपयोग? राजपत्रांच्या मानानें हे कागद रूपानें दरिद्री. मोठा शिक्का नाहीं, अक्षर घाईचें, कागद जाडाभरडा, कित्येकदां अर्धा कसरीनें खाल्लेला. त्यामुळें बाजारांत त्यांस मोल नाहीं. रुमाल फोडून त्यांतून छत्रपतींच्या शिक्क्याचीं चार पत्रें तेवढीं निवडून घ्यावयाचीं व बाकीचा गठ्ठा रद्दींत सोडावयाचा, हा प्रकार आम्हीं डोळ्यांनीं पाहिला आहे. त्या गठ्ठ्यांतील कागद एकमेकांस लागून होते म्हणूनच त्यांस अर्थ होता. सुटा झाल्यावर कोणता कौल कोणत्या गांवचा हेंही कळेनासें होतें.

रोहिडखोरें, हिरडसमावळ, गुंजणमावळ व कानदखोरें ह्या भागांतील १६९० ते १७२० च्या दरम्यानचे कौल, इस्ताव्याचे तक्ते, तगाईच्या याद्या किंवा बैलांच्या गणत्या ज्या वाचकांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं त्या संपूर्ण मजकुरासह त्रैमासिकाकडे पाठवाव्या. शिक्का नसला तरी चालेल. कागदाची पाठही नकलून घ्यावी, कारण बैलांचे व माणसांचे आंकडे पुष्कळदां पाठीवरच टिपलेले असतात. आणि तो कागद ज्या रुमालांतून निघाला त्यांतील शेजारचे कागद कोणते होते, तेंही कळवावें.